आखूड पान

शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून तिने केळीचं सगळ्यात आतलं पान वाकवलं, सुरी लावली आणि हात तिथेच थांबला. पान आखूड होतं. बाकीची पानं तिच्या उंचीएवढी, कडा फाटलेली, पहिल्या कडाक्याच्या थंडीने काळी पडलेली. आणि हे मधलं जेमतेम हातभर, ताठ, रुंद, हिरवंगार. केळ फुलायची असली की शेवटचं पान असं आखूड येतं, हे ताईने तिला इतक्यांदा सांगितलं होतं की ताईने तोंड उघडलं की पुढचं वाक्य ती मनातल्या मनात पुरं करायची: आणि खोडाने हिवाळा काढला, तर येत्या उन्हाळ्यात केळफूल. ते केळफूल ताईने स्वतःच्या परसात कधी पाहिलं नव्हतं. इथे हिवाळ्यात बर्फ पडायचं, या हवेत केळ जगते हेच पुष्कळ. फुलायची म्हणजे खोड टोकापर्यंत धडधाकट राहायला हवं, आणि तेही लागोपाठ दोन-तीन हिवाळे. दर वेळी मध्येच काहीतरी व्हायचं. एकदा उंदरांनी आतून पोखरलं, एकदा वाऱ्याने वर पालथी घातलेली बादली उडवली. ताई कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, पुढच्या वर्षी. आता ते पुढचं वर्ष बहुतेक आलं होतं, आणि ताई खाली शिडी धरून उभी असल्यामुळे ते फक्त तिला, छोटीलाच, दिसत होतं.

“थांबलीस का गं?” ताईने खालून विचारलं.

“तोल गेला जरासा,” ती म्हणाली आणि पान कापलं. कापून दुमडलं आणि काळ्या पानांच्या ढिगात, ढिगाच्या पलीकडच्या बाजूला, अलगद टाकून दिलं. चीक मनगटावरून बाहीत उतरला. केळीचा डाग जात नाही, म्हणून केळ हिवाळ्यासाठी गुंडाळायच्या या कामासाठी दोघींचे वेगळे कपडे होते, तपकिरी डागांनी भरलेले. ते घातले की दोघी बहिणी रंगकाम अर्धवट टाकून आलेल्या मजुरांसारख्या दिसायच्या. तिला हसू आलं नाही. आज शिडीवरून ती वेगळंच सांगणार होती. मुद्दाम शिडीच निवडली होती, कारण शिडीवरून ताईचा चेहरा दिसत नाही, दिसतो तो फक्त डोक्याचा भांग, आणि भांगाशी बोलणं सोपं असतं. ताई, मी जाणार आहे. चष्मेवाल्याने विचारलंय आणि मी हो म्हणणार आहे. एवढंच. दोन वाक्यं. आठवडाभर ती दोन वाक्यं तोंडात घोळवत होती, कामावर मेण वितळवताना, रस्ता ओलांडताना, आंघोळ करताना. आणि नेमकं आज हे पान.

ती छोटी होती. चाळिशी मागे पडली होती, केसांत पांढरं दिसायला लागलं होतं, तरी घरात, गल्लीत आणि दूध टाकणाऱ्यापर्यंत सगळ्यांसाठी ती छोटीच. ताईने तिला वाढवलं होतं. आई-वडील गेले तेव्हा ताई नुकती शाळेच्या प्रयोगशाळेत लागली होती, आणि छोटीच्या डब्यापासून तापापर्यंत सगळं तिनेच पाहिलं. नातेवाईक म्हणायचे, धाकटीसाठी बिचारीने लग्न केलं नाही. ताई म्हणायची, बिचारी कसली, मला कुणी विचारलंच नाही. हे ती इतक्या खणखणीत आवाजात म्हणायची की समोरचा विषय बदलायचा. पण छोटीच्या डोक्यात नातेवाइकांचं वाक्य राहिलं होतं, ताईचं नाही. ते वाक्य ती घरभर घेऊन हिंडायची. ताटात भाजी वाढून घेताना, स्वतःसाठी नवीन चपला आणताना, रविवारी उशिरा उठताना ते तिच्या बरोबर असायचं, आणि अलीकडे तर चष्मेवाल्याच्या दुकानात शिरतानाही.

“पेंढा देते,” ताई म्हणाली. तिने पोतं शिडीला टेकवून वर सरकवलं. छोटीने आत हात घातला आणि दुसऱ्यांदा थांबली. पेंढा ओला होता. वरून नाही, वरून खडखडीत. पण मनगटापर्यंत हात गेला की आत दमट, जरा कोमट, आणि आंबूस वास. यंदा पोती अडगळीच्या खोलीत न जाता बाहेर भिंतीलगतच राहिली होती, मध्ये पाऊसही झाला होता. केळ गुंडाळण्याचे ताईचे नियम ठरलेले होते आणि त्यांतला पहिला हाच: पेंढा कोरडा. थंडीने केळ मरत नाही, ओलीने मरते. दुसरा नियम गोणपाटाचा, प्लास्टिक नाही, कारण तिला श्वास घेता आला पाहिजे. तिसरा, वरची बादली तिरकी बसवायची, एका बाजूने वारा आत जाईल अशी. केळीचं खोड म्हणजे लाकूड नव्हे, नुसत्या पानांच्या देठांच्या गुंडाळ्या, एकावर एक. त्यांत ओल शिरली की आतल्या आत सडत जाते आणि बाहेरून काही कळत नाही. हे सगळं छोटीला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. तिने फक्त एवढंच म्हणायचं होतं, ताई, हा ओला आहे, दुसरा आण. त्याऐवजी तिने मूठभर पेंढा काढला आणि खोडाला लावला. मग दुसरी मूठ. ताई खालून सुतळी देत होती, ती गाठी मारत होती, आणि तिला आतून असं स्पष्ट दिसत होतं की आपण काय करतो आहोत. केळ फुलली तर येता उन्हाळा इथे काढावा लागेल. ताईने जिची इतकी वर्षं वाट पाहिली ती गोष्ट घडत असताना तिला एकटीला सोडून कसं जाणार? आणि केळ सडली तर पान कुणी पाहिलंच नाही, फूल येणारच नव्हतं, आणि आपण मोकळ्या. बादली तिने सरळ बसवली, घट्ट, फट न ठेवता. मग ती शिडीवरून उतरली. ताई म्हणाली, “छान झालं,” आणि शिडी उचलून आत घेऊन गेली.

ताईची केळ हे आजूबाजूच्या चार रस्त्यांवर एक प्रकरण होतं. तिने कुणाकडून तरी एक मुनवा, केळीच्या बुडाशी फुटतं ते पिल्लू, आणला, भिंतीच्या आडोशाला लावला, आणि तो जगला. मग मुळाशी आणखी मुनवे फुटले, ते तिने वाटले. पण वाटले म्हणजे असेतसे नाहीत, मुलगी द्यावी तसे, घर पाहून. परसात ऊन किती, भिंत कुठल्या बाजूला, माणसं धांदरट आहेत की नीट. दिल्यानंतर महिन्याने ती बघायला जायची. एका कुटुंबाकडून तिने मुनवा परत आणला होता, कारण त्यांनी त्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. कुणी विचारलं की या केळीला केळी लागतात का, की ताईचा चेहरा बदलायचा. लागली तरी अंगठ्याएवढी, आत नुसत्या बिया, खाण्याजोगी नाहीत. मग काय उपयोग, असं विचारणाऱ्याला पुन्हा चहा मिळत नसे. थंडी पडायच्या सुमारास घराघरांतून निरोप यायचे आणि ताई गुंडाळायला निघायची. गुडघे गेल्यापासून चढायचं काम छोटीचं. शनिवार, रविवार, शिडी, पोती, सुतळी. छोटीने या गल्लीतली माणसं त्यांच्या परसांवरून ओळखली होती, आणि जी परसावरून नाही ती दातांवरून. ती दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची, लोकांच्या तोंडाचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून त्यांवर मेणाचे दात घडवायची. रस्त्यात कुणी हसून बोललं की ती आधी वरच्या जबड्याकडे बघायची आणि मग, हो, हे आपण केलेलं, म्हणून बरं वाटायचं.

बारीक कामाने डोळे ताणायला लागले म्हणून ती प्रयोगशाळेशेजारच्या चष्म्याच्या दुकानात गेली होती. चष्मेवाला तिच्याच वयाचा, बायको वारलेली, हात फार स्वच्छ. त्याने ती जड लोखंडी चौकट तिच्या नाकावर चढवली आणि भिंगं बदलत राहिला. हे बरं दिसतं, की हे? ती म्हणाली, दोन्ही सारखंच. आणि आता? सारखंच. त्याने बराच वेळ सोसलं आणि मग हसून म्हणाला, बाई, तुम्हाला निवडायचंच नसतं का? ती हसली, पण घरी येईपर्यंत ते तिच्या मानेत रुतून राहिलं. खरं तर दोन्ही सारखी दिसत नव्हती. एक स्पष्ट होतं. पण ते म्हटलं आणि चुकलं तर जन्मभर चुकीच्या भिंगातून बघायला लागेल, असं तिला त्या अंधाऱ्या खुर्चीत वाटलं होतं. पुढे ती नव्या चष्म्याची चौकट सैल झाली म्हणून गेली, मग घट्ट झाली म्हणून. मग काहीच झालं नाही तरी गेली. दुपारचा डबा दोघं त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत खाऊ लागले. त्याने दुकान विकायला काढलं, दुसऱ्या शहरात मोठ्या दुकानात जागा मिळाली, चौथ्या मजल्यावर घर पाहिलं, आणि एक दिवस डबा पुसता पुसता म्हणाला की तू पण चल. परस नाही, नुसती गॅलरी आहे, पण ऊन चांगलं येतं. ती म्हणाली, ताईला सांगते. तो म्हणाला, सांग. हे सगळं पानं गळायच्या आधीचं.

त्या दिवसानंतर सांगायला जागाच उरली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती गुंडाळलेली केळ दिसायची, गोणपाटात, डोक्यावर बादली, माणसाच्या उंचीहून जरा जास्त. सकाळी चहा घेताना दोघी तिच्याकडे तोंड करून बसायच्या. ताई पेपर वाचायची. छोटी बघत राहायची आणि तिच्या आत काय चाललं असेल ते तिच्या अंगावर यायचं. बाहेरचा देठ आधी, मग आतला, मग त्याच्या आतला. कामावर मेणाचा दात हातात असताना तिला वाटायचं की आपण बोटाने जरा दाबलं तर हाही आत जाईल. बर्फ पडलं तेव्हा बादलीवर पांढरी टोपी बसली आणि समोरची म्हातारी फाटकातून ओरडून ताईला म्हणाली की तुमचा पाहुणा यंदाही उभाच का? ताई हसली. छोटीने बशी विसळायला घेतली आणि पुष्कळ वेळ विसळत राहिली. कितीदा तरी तिच्या मनात आलं की उठावं, सुतळी कापावी, पेंढा काढून कोरडा भरावा. अजून उशीर झालेला नसेल. पण मग सांगावं लागलं असतं की पेंढा ओला आहे हे तुला कधी कळलं. आणि सांगायला लागलं की ते पान, पान सांगितलं की चष्मेवाला. एका दोऱ्याला हात लावला की सगळंच उसवणार. स्वतःच्या घरात ती चोरासारखी वावरायला लागली, आणि ताईचं वागणं तर रोजच्यासारखंच होतं, त्यामुळे जास्तच.

चष्मेवाला गेला. ती स्टेशनवर गेली होती, कामावर जास्तीचं काम आहे असं ताईला सांगून. त्याने रागावायला हवं होतं, तो रागावला नाही. म्हणाला, घर मोठं आहे, घाई नाही, पण मला एकदा नक्की कळू दे. गाडी हलली तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि असं वाटलं याचीच तिला भीती वाटली. तो रविवारी फोन करायचा. ताई त्या वेळी नेमकी कुणाच्या तरी केळीची बादली नीट आहे का ते पाहायला गेलेली असायची. तो विचारायचा, सांगितलंस? ती म्हणायची, थंडी सरू दे. थंडी सरल्यावर काय होणार होतं ते तिला माहीत होतं, त्याला नव्हतं. थंडी सरल्यावर केळ मेलेली निघणार होती, आणि मग ती मोकळी होणार होती. इतकं सोपं. मनातल्या मनात ती कितीदा ते गोणपाट सोडायची, ताईला धरून बसवायची, पाणी द्यायची, आणि मग योग्य वेळ बघून सांगायची. मनातल्या त्या ताईला ती फार प्रेमाने वागवायची.

गोणपाट सोडायचा दिवस ताईने ठरवला, नेहमीसारखाच, अंगणातल्या मातीत बोट खुपसून. दोघींनी डागांचे कपडे घातले. छोटी शिडीवर चढली आणि बादली उचलली. आतून आलेला वास इतका होता की तिने मान वळवली. सुतळी कापत ती खाली उतरत गेली. पेंढा काळा, चिकट, गोळे झालेला. आणि त्याच्या आत खोड नव्हतंच, नुसता गिलगिलीत खांब, हात लावला तिथे बोट आत जात होतं. मध्यावर आल्यावर तो स्वतःच्याच वजनाने वाकला आणि हळूच भिंतीवर कलंडला. छोटीने ताईकडे पाहिलं. इतके महिने तिने या क्षणाची तयारी केली होती, पाणी, खुर्ची, धरायला हात, आणि ताई कमरेवर हात ठेवून सडलेल्या खोडाकडे असं पाहत होती की जणू भात झाला का ते बघते आहे.

“ताई,” छोटी म्हणाली. “पेंढा ओला होता.”

“माहीत आहे. मीच बाहेर ठेवला होता.”

छोटीला काही कळेना. ताईने फावडं भिंतीला टेकवलं आणि उंबऱ्यावर बसली, गुडघा चोळत. म्हणाली, वरच्या खोलीच्या खिडकीतून केळीचा शेंडा दिसतो, हे तुझ्या लक्षात कसं येत नाही? आखूड पान तिने छोटीच्या आठवडाभर आधी पाहिलं होतं. छोटीच्या त्या दुकानातल्या फेऱ्या तिच्या नजरेतून सुटल्या नव्हत्या, म्हणून चष्मेवाल्याकडे ती पुढच्याच दिवशी गेली होती, वाचायच्या चष्म्याचं निमित्त करून, आणि त्याच्याकडून सगळं काढून घेतलं होतं. शहाणा माणूस आहे, म्हणाली, फार बोलत नाही, मी आले होते हे तुला सांगू नको म्हटलं तर नाही सांगितलं. मग घरी येऊन तिने पोती पावसात ढकलली.

“केळ फुलली असती तर तू हलली नसतीस,” ताई म्हणाली. “मी सांगितलं असतं तरी हलली नसतीस. म्हटलं, केळ मेली तर हिला सुटका वाटेल. तू शिडीवर पोत्यात हात घातलास आणि थांबलीस तेव्हा मला वाटलं, आता बोलेल. तू गाठी मारल्यास. मग मी म्हटलं, चला, आता ही नक्की जाते. इतके दिवस रोज सकाळी वाट बघतेय मी, पोरी. कधी जाणार आहेस?”

छोटीला वाटलं आपल्याला राग यावा. तिने तो शोधला आणि तो सापडेना. सापडलं ते वेगळंच, पायाखालून काहीतरी काढून घेतल्यासारखं. इतकी वर्षं ताई तिला धरून आहे असं ती समजत होती, आणि ताईचे हात तर कधीचेच मोकळे होते. धरून कोण होतं? ताईने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने फावडं उचललं, कारण केळीचा कंद असा मरत नाही, खोड गेलं तरी मुळाशी पुन्हा फुटतं, आणि तसंच झालं होतं: काळ्या चिखलातून हिरवे मुनवे वर आले होते, बोटाएवढे, घट्ट गुंडाळलेले, पाच-सहा तरी. ताईने ते एक एक करून कंदासकट खणून काढले, बादलीत टाकले, आणि जुना कंदही उखडला तेव्हा तिथे खड्डाच पडला. म्हणाली, सगळे वाटून टाकते, इथे एकही ठेवत नाही, पुढच्या थंडीत शिडी चढायला कुणी नाही आणि मला आता केळ हवीही नाही. भिंतीलगत फरशी घालीन म्हणते आणि खुर्ची टाकून बसेन उन्हात. हे ती रागाने म्हणत नव्हती. तिच्या आवाजात सुट्टीला निघालेल्या माणसाची घाई होती, आणि छोटीला तीच सहन झाली नाही.

ताई हात धुवायला आत गेली. नळ सुरू झालेला ऐकू आला. छोटी खड्ड्यापाशी उकिडवी बसली होती. माती गार होती. तिने बादलीत हात घातला, सगळ्यात लहान मुनवा काढला, त्याच्या बुडाचा कंद अंगठ्याने चाचपला, आणि तो खड्ड्याच्या कोपऱ्यात, भिंतीच्या अगदी कडेला, टोकासकट मातीखाली दाबला. वरून माती ओढली. तळव्याने सारखी केली. हे सगळं तिने इतक्या चपळाईने केलं की आपले हात असं काही करू शकतात याचं तिला नवल वाटलं. ते कशाचा विचार करत नव्हते, दोन्ही सारखंच आहे असं म्हणत नव्हते.

“झालं सगळं?” ताईने दारातून विचारलं.

“झालं,” ती म्हणाली.

ताई म्हणाली की मी जरा वर जाऊन पडते, आणि जाताना फोन टेबलाच्या छोटीच्या बाजूला सरकवून गेली. वरच्या खोलीचं दार लागलं, मुद्दाम लावल्यासारखं, ऐकू जाईल असं. छोटीने नखांतली माती काढली, सगळी निघाली नाही. मग तिने फोन केला. त्याने पहिल्याच घंटेला उचलला आणि तो काही विचारायच्या आत तिने सांगून टाकलं की ताईला सगळं माहीत आहे, ताईची ना नाही, उलट तिचीच घाई आहे. पलीकडे त्याने श्वास सोडलेला तिला कळला. म्हणाला, मग ये. तिने डोळे मिटले.

“येईन,” ती म्हणाली. “पण घरी एक रोप लावलंय नुकतंच. ते जरा मोठं होऊ दे.”

“किती मोठं?” त्याने विचारलं.

तिने खिडकीबाहेर पाहिलं. भिंतीपाशी नुसती माती होती, सपाट केलेली, आणि तिच्यावर अजून काहीच दिसत नव्हतं.